किल्लीवरून मजकूर शोधताना : जावाचा मॅप, पहिल्या ओळीपासून

काही वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी पावती छापणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन येणार, काट्यावर माप होणार, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगणार आणि माझा प्रोग्राम ते सगळं चिंचोळ्या कागदावर छापून हातात देणार. मशीनकडून दुधाचा प्रकार नुसत्या कोडनं यायचा. १ म्हणजे गाय, २ म्हणजे म्हैस. पावतीवर मात्र वाचता येईल असं मराठी हवं होतं. कोड घ्यायचा, त्याचा मजकूर शोधायचा, छापायचा. काम एवढंच.

मग केंद्रानं मशीन बदललं. त्याच संध्याकाळी एका काकांच्या पावतीवर दुधाच्या प्रकाराच्या जागी 'नल' हा चार अक्षरी इंग्रजी शब्द छापून आला. नातवानं तो मोठ्यानं वाचला आणि काका काउंटरवर चढले, "नळाचं पाणी घातलंय म्हणताय व्हय आमच्या दुधात?"

नवं मशीन २ ऐवजी ०२ पाठवत होतं. माणसाला दोन्ही एकच वाटतात, पण मजकूर म्हणून त्या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. किल्ली सापडली नाही तर काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. नवीन शिकणाऱ्यांना मॅप (किल्ली दिली की तिच्यापुढचा मजकूर काढून देणारी जावाची सोय) शिकवताना मी म्हणून सुरुवात इथूनच करतो. शोधणं दोन ओळींचं काम आहे. न सापडण्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

एक खुलासा आधीच करतो. ऑफिसात आम्ही सगळे 'की' आणि 'व्हॅल्यू' म्हणतो. पण मराठीत 'की' हे उभयान्वयी अव्यय असल्यामुळे 'ही की की ती की' असली वाक्यं तयार होतात. म्हणून लेखात 'किल्ली' आणि 'मजकूर' असे शब्द वापरतो. कोडच्या ओळीही इथे तोंडानं वाचतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये जावाचे शब्द अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.

सुरुवातीची तयारी

जेडीके, म्हणजे जावाचा प्रोग्राम लिहून चालवायचा संच, १७ किंवा २१ घ्या. दोन्ही दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्त्या आहेत. मराठी मजकुराशी खेळायचं असेल तर माझं मत २१ च्या बाजूनं, कारण आवृत्ती १८ पासून जावानं यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) केलं. त्याआधी विंडोजवर फाइल कोणत्या एन्कोडिंगनं वाचली जाईल हे मशीनच्या सेटिंगवर ठरायचं. एडिटरमध्येही फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह होते आहे ना, ते बघा. एवढं करूनही विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका. तो दोष बहुधा खिडकीचा असतो, प्रोग्रामचा नाही. आउटपुट फाइलमध्ये लिहा आणि ती एडिटरमध्ये उघडून बघा.

पायरी १ : मॅप बनवा, भरा, वाचा

नवशिक्या माणूस आधी इफ-एल्सची शिडी लिहितो. कोड १ असेल तर हे, नाहीतर २ असेल तर ते. दोन पायऱ्यांपर्यंत ठीक आहे. चाळीस संदेश झाले की ती शिडी कुणाला चढवत नाही. त्याऐवजी:

```
मॅप<स्ट्रिंग, स्ट्रिंग> प्रकार = न्यू हॅशमॅप<>();
प्रकार.पुट("१", "गायीचं दूध");
प्रकार.पुट("२", "म्हशीचं दूध");
स्ट्रिंग ओळ = प्रकार.गेट("२");
```

डाव्या बाजूला 'मॅप' आणि उजव्या बाजूला 'हॅशमॅप' का, असा प्रश्न पडला असेल. मॅप हा इंटरफेस आहे, म्हणजे 'किल्ली दिली तर मजकूर मिळेल' एवढाच करार. तो करार पाळणारे क्लास अनेक आहेत. हॅशमॅप क्रमाची हमी देत नाही. लिंक्डहॅशमॅप ज्या क्रमानं भरलं त्या क्रमानं परत देतो, ट्रीमॅप किल्ल्या लावून ठेवतो. डाव्या बाजूला करार लिहून ठेवला तर उद्या उजवी बाजू बदलली तरी बाकीच्या कोडला धक्का लागत नाही.

नोंदी ठरलेल्या आणि थोड्या असतील तर जावा ९ पासून 'मॅप.ऑफ' हा सोपा मार्ग आहे. त्यात दहा जोड्यांपर्यंत मजकूर थेट लिहिता येतो आणि नंतर कुणी बदलू शकत नाही. तीच किल्ली चुकून दोनदा लिहिली तर तो प्रोग्राम चालू होतानाच एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक कळवून काम थांबवतो. साधा 'पुट' असं काही करत नाही. तो जुना मजकूर गुपचूप पुसून नवा ठेवतो.

पायरी २ : किल्ली सापडली नाही तर?

'गेट'ला किल्ली सापडली नाही की तो 'नल', म्हणजे 'काहीच नाही', परत देतो. एरर नाही, इशारा नाही. त्यात जावाची आणखी एक सवय अशी, की मजकुराला 'नल' जोडला तर ती तक्रार न करता 'नल' हा शब्दच त्यात चिकटवते. काकांच्या पावतीवर तोच आला होता.

इथे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट 'गेट-ऑर-डीफॉल्ट' ही मेथड. किल्ली नसेल तर तुम्ही दिलेला पर्यायी मजकूर मिळतो. दिसायला छान, पण मी ती जपून वापरतो. प्रकार सापडला नाही म्हणून 'गायीचं दूध' छापलं तर पावती चुकेल आणि म्हशीच्या दुधाचा दर जास्त असल्यामुळे भांडण पुन्हा काउंटरवरच येईल. शिवाय हॅशमॅपमध्ये किल्ली असेल पण तिच्यापुढे 'नल'च ठेवलेला असेल, तर ही मेथडही 'नल'च देते. तिच्या दृष्टीनं किल्ली सापडलेली असते.

दुसरी वाट म्हणजे सरळ एक्सेप्शन फेकणं. पैशाशी, दराशी, प्रकाराशी संबंध असेल तिथे मी हेच करतो. पावती थांबलेली परवडते, चुकीची परवडत नाही.

तिसरी वाट, किल्लीच चौकटी कंसात छापणं. स्क्रीनवरच्या बटणांसाठी आणि सूचनांसाठी ही उत्तम. 'दूध जमा झाले'च्या जागी '[दूध.जमा]' दिसलं तर काय राहिलंय ते तपासणाऱ्याला लगेच कळतं, आणि वापरणाऱ्याचं कामही अडत नाही.

यातली कोणती वाट धरायची, हे प्रत्येक 'गेट'च्या जागी नव्यानं ठरवू नका. एका ठिकाणी ठरवा. त्यासाठीच पुढची पायरी.

पायरी ३ : मॅपला स्वतःचा क्लास द्या

ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे सगळीकडे क्लासच क्लास, असं नाही. उघडा मॅप प्रोग्रामभर फिरू द्यायचा नाही, एवढं तरी नक्की करायचं.

```
पब्लिक फायनल क्लास संदेशकोश {
    प्रायव्हेट फायनल मॅप<स्ट्रिंग, स्ट्रिंग> नोंदी = न्यू हॅशमॅप<>();

    पब्लिक व्हॉइड ठेव(स्ट्रिंग किल्ली, स्ट्रिंग मजकूर) {
        ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल(मजकूर);
        स्ट्रिंग जुना = नोंदी.पुटइफॲब्सेंट(साफ(किल्ली), मजकूर);
        इफ (जुना != नल)
            थ्रो न्यू इल्लीगलस्टेटएक्सेप्शन("किल्ली दोनदा: " + किल्ली);
    }

    पब्लिक स्ट्रिंग मजकूर(स्ट्रिंग किल्ली) {
        स्ट्रिंग सापडला = नोंदी.गेट(साफ(किल्ली));
        रिटर्न सापडला != नल ? सापडला : "[" + किल्ली + "]";
    }
}
```

आत ठेवणारा आणि बाहेर काढणारा, दोघंही 'साफ' या एकाच मेथडमधून जातात, हे बघा. ती काय करते ते पायरी ५ मध्ये येईल. किल्ली दोनदा आली तर इथे आवाज होतो. 'नल' मजकूर आत येऊच शकत नाही. आणि 'मजकूर' ही मेथड वरची तिसरी वाट धरते, कधीच 'नल' देत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याला इफ लिहावा लागत नाही.

नवशिके इथे एक मोह हमखास धरतात: 'संदेशकोश एक्सटेंड्स हॅशमॅप'. सगळ्या मेथड फुकट मिळतात ना! मिळतात, पण नको असलेल्याही मिळतात. मग कुणीही तुमच्या 'ठेव'ला वळसा घालून थेट 'पुट' करू शकतो. ही चूक खुद्द जावाच्या लायब्ररीत गोठलेली आहे. प्रॉपर्टीज नावाचा जुना क्लास फक्त मजकुरासाठी आहे, पण तो हॅशटेबलचा वारस असल्यामुळे त्यात 'पुट'नं आकडाही ठेवता येतो. मग 'गेट-प्रॉपर्टी' तो आकडा नाहीच असं समजून 'नल' देते. कागदपत्रांत 'पुट वापरू नका' अशी सूचना आहे, मेथड मात्र हजर. कोश हा मॅप *नसतो*, कोशाच्या पोटात मॅप *असतो*. या 'नसतो' आणि 'असतो'मधला फरक एकदा समजला की वारसा कुठे घ्यायचा आणि कुठे नाही, ते बरंचसं सुटतं.

पायरी ४ : आत काय चालतं, थोडं डोकावून

ही पायरी गाळली तरी प्रोग्राम चालेल. पण मला यातलं एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही.

हॅशमॅप प्रत्येक किल्लीपासून एक आकडा काढतो आणि त्यावरून ती कोणत्या खणात ठेवायची हे ठरवतो. नव्या हॅशमॅपमध्ये सोळा खण असतात, आणि नोंदी बारावर गेल्या की खण दुप्पट होतात. शोधताना सगळे खण उपसावे लागत नाहीत, आकडा काढून थेट त्या खणाशी जाता येतं. नोंदी हजार असोत की लाख, शोधायला साधारण तेवढाच वेळ लागतो तो यामुळे.

मजकुराचा आकडा काढायची जावाची रीत सोपी आहे. दोन अक्षरांची किल्ली असेल तर पहिल्याच्या युनिकोड क्रमांकाला (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी) ३१ ने गुणायचं आणि त्यात दुसऱ्याचा क्रमांक मिळवायचा. आता 'दे' घ्या. आपल्याला ते एक अक्षर, पण संगणकाला दोन: द (२३४२) आणि एक मात्रा (२३७५).

२३४२ × ३१ = ७२६०२, अधिक २३७५, म्हणजे ७४९७७.

आणि 'धन'? ध २३४३, न २३४४.

२३४३ × ३१ = ७२६३३, अधिक २३४४, म्हणजे ७४९७७.

'दे' आणि 'धन' यांचा आकडा एकच! 'गा' आणि 'घट' यांचंही तसंच, 'धा' आणि 'नट' यांचंही. करून बघा, 'हॅशकोड' मेथड छापली की झालं.

मग 'दे' मागितल्यावर 'धन' मिळेल का? नाही. एका खणात दोन किल्ल्या आल्या तर हॅशमॅप त्यातली प्रत्येक 'इक्वल्स'नं तपासतो, आणि मजकूर अक्षर न् अक्षर जुळला तरच देतो. आकडा फक्त खण सांगतो, खात्री 'इक्वल्स' करतो. तुम्ही स्वतःच्या क्लासचे ऑब्जेक्ट किल्ली म्हणून वापरलेत, समजा सभासद क्रमांक आणि तारीख मिळून एक किल्ली, तर 'हॅशकोड' आणि 'इक्वल्स' या दोन्ही मेथड जोडीनं लिहाव्या लागतात. एकच लिहिली तर नोंद मॅपमध्ये असते पण सापडत नाही. जावा १६ पासूनचं 'रेकॉर्ड' वापरलं तर दोन्ही आपोआप मिळतात. माझा सल्ला तोच.

आणि दोन मजकूर सारखे आहेत का हे स्वतः तपासायची वेळ आली तर दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासू नका. ती चिन्हं 'हे दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहे का' असं विचारतात. कोडमध्ये हातानं लिहिलेले सारखे मजकूर जावा एकदाच साठवते, त्यामुळे तुमच्या मशीनवर चाचणी पास होते. मशीनकडून किंवा फाइलमधून तोच मजकूर आला की नापास.

पायरी ५ : सारख्या दिसणाऱ्या किल्ल्या

इंग्रजीत शिकवणाऱ्या लेखांत ही पायरी सापडणार नाही. मराठी किल्ल्या वापरणाऱ्याला मात्र हिच्यातूनच जावं लागतं.

केंद्राला गावाच्या नावावरून टँकरचा मार्ग शोधायचा होता. म्हणजे किल्ली 'कऱ्हाड', मजकूर 'मार्ग ३'. यादीत नाव होतं, स्क्रीनवर दिसत होतं, तरी मॅप म्हणे नाही. मी दोन्ही मजकुरांची 'लेंग्थ' छापली. यादीतल्या कऱ्हाडची सहा, ऑपरेटरनं टाइप केलेल्या कऱ्हाडची सात.

ऱ्ह मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठीचं स्वतंत्र अक्षर ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. कोणत्या कीबोर्डनं कोणता प्रकार टाकला हे टाइप करणाऱ्याला माहीत नसतं, आणि डोळ्यांना तर फरक दिसतच नाही. साताऱ्याला, वाऱ्यावर, दुसऱ्या, कुऱ्हाड... हा अर्धा र जिथे जिथे आहे तिथे हा धोका आहे.

ॲडव्हान्समधला ॲ त्याहून खट्याळ. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि अजूनही भागवतात. काही कीबोर्ड मध्ये एक झेडडब्ल्यूजेही टाकतात. म्हणजे इथेही तीन प्रकार.

उपाय दोन. पहिला, आणि तोच चांगला: जिथे किल्ली तुम्ही ठरवणार आहात तिथे ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत ठेवा. शब्द मराठी चालतील. मी 'दूध.जमा', 'उचल.बाकी' अशाच किल्ल्या रोमनमध्ये लिहितो. मराठी फक्त मजकुरात.

दुसरा उपाय, जिथे किल्ली माणूस टाइप करणार आहे तिथे ती साफ करून घेणं. 'साफ' मेथडमध्ये मी या क्रमानं कामं करतो:

आधी 'नॉर्मलायझर' क्लासनं एनएफसी या युनिकोडनं ठरवलेल्या एकसंध रूपात आणायचं. यानं 'र अधिक नुक्ता' हा प्रकार आपोआप ऱ होतो. पण अ वर चंद्र दिलेला ॲ होत नाही, कारण युनिकोडनं त्या दोघांना समान ठरवलेलंच नाही. झेडडब्ल्यूजेलाही नॉर्मलायझर हात लावत नाही.

मग 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं. त्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे काढून टाकायचे. हा क्रम उलटा केला तर र्‍ह चा र्ह होऊन बसतो, म्हणजे अर्धा र रफार होऊन डोक्यावर जातो. मी तो उलटा केला होता.

मग अ आणि चंद्र यांच्या जोडीच्या जागी ॲ.

शेवटी मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा. 'ट्रिम'पेक्षा जावा ११ मधली 'स्ट्रिप' बरी, ती युनिकोडमधल्या जास्त प्रकारच्या जागा ओळखते. पण न तुटणारी जागा तीही सोडून देते. वेबपेजवरून किंवा वर्डमधून नाव चिकटवलं की ती हमखास येते. तिच्या जागी आधी साधी जागा ठेवायची, मग 'स्ट्रिप'.

हे सगळं 'ठेव' आणि 'मजकूर' दोन्हीकडे व्हायला हवं. एकीकडेच केलं तर साफ किल्ली मळक्या किल्लीला शोधत बसते. क्लास केला नसता तर हा कोड किती ठिकाणी चिकटवावा लागला असता, विचार करा.

पायरी ६ : मजकूर फाइलमध्ये न्या

चेअरमनना 'जमा झाले' ऐवजी 'मिळाले' हवं, म्हणून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणं बरं नव्हे. जावात यासाठी प्रॉपर्टीज फाइल असते. एका ओळीत किल्ली, बरोबर चिन्ह, मजकूर. भाषेनुसार फाइल वेगळी. मूळ नावाला मराठीसाठी 'एमआर', इंग्रजीसाठी 'ईएन' जोडायचं. गोव्यात कोकणी हवी असेल तर 'केओके'. 'रिसोर्स बंडल' हा क्लास भाषा बघून योग्य फाइल उचलतो, आणि 'गेट-स्ट्रिंग' किल्लीवरून मजकूर देते. इथे किल्ली नसेल तर 'नल' नाही, थेट एक्सेप्शन. मला हे आवडतं.

या वाटेवरचे चार खड्डे:

किल्लीत मोकळी जागा चालत नाही. 'दूध जमा = मिळाले' असं लिहिलं तर किल्ली नुसती 'दूध' होते आणि मजकूर 'जमा = मिळाले' होतो. म्हणून मध्ये टिंब.

रिसोर्स बंडल २०१७ च्या जावा ९ पासून फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचतो. त्याआधी ती लॅटिन-१ (पश्चिम युरोपी भाषांपुरतं जुनं एन्कोडिंग) मानली जायची आणि प्रत्येक मराठी अक्षर त्याच्या क्रमांकाच्या सांकेतिक रूपात लिहावं लागायचं. त्या फाइली वाचणं म्हणजे शिक्षा होती. पण प्रॉपर्टीज क्लासची 'लोड' मेथड इनपुटस्ट्रीम दिला तर आजही लॅटिन-१च वाचते. तिला यूटीएफ-८ सांगितलेला रीडर द्या.

कोकणीची फाइल सापडली नाही तर बंडल मूळ फाइलकडे वळण्याआधी त्या *मशीनच्या* भाषेची फाइल शोधतो. तुमच्या मराठी सेटिंगच्या लॅपटॉपवर मराठी दिसतं, सर्व्हरवर इंग्रजी. 'नो-फॉलबॅक कंट्रोल' दिला की ही मधली उडी बंद होते.

चौथा खड्डा 'मेसेज फॉरमॅट'चा. मजकुरात महिरपी कंसात शून्य लिहून तिथे आकडा बसवता येतो. सोय चांगली आहे, पण आकड्यात तो स्वतःहून स्वल्पविराम घालतो. सभासद क्रमांक १०४२ चा १,०४२ होतो. क्रमांक ही रक्कम नाही, म्हणून तो मजकूर करूनच पाठवा.

पायरी ७ : तुकडे जोडू नका

किल्लीवरून शब्द मिळतो म्हटल्यावर वाक्य तुकड्यांनी जोडायचा मोह होतो. 'गाय' अधिक 'चं दूध'. 'म्हैस' अधिक 'चं दूध'. छापून आलं 'म्हैसचं दूध'. शाळेत घोकलेलं सामान्यरूप इथे आडवं येतं. गावांचं तर विचारूच नका. सांगलीला ठीक, कऱ्हाडला ठीक, पण 'पुणेला' आणि 'सातारा हून' असलं मराठी पावतीवर छापलं तर लोक दूध घालायचे थांबणार नाहीत, पण हसतील.

म्हणून किल्लीपुढे शब्द नको, अख्खं वाक्य ठेवा. 'प्रकार.म्हैस.पावती' या किल्लीपुढे 'म्हशीचं दूध'. गावासाठी दोन किल्ल्या करा, एक नाव, दुसरी 'ला' लागलेलं रूप: पुणे आणि पुण्याला, सातारा आणि साताऱ्याला. नोंदी वाढतात. वाढू द्या, हॅशमॅपला त्याचं काही नाही. सामान्यरूप कोडनं बनवायचा एक प्रयत्न मी केला होता. 'वाई'पाशी तो सुटला आणि 'वडगाव'पाशी अडला. 'वडगावला' की 'वडगावाला' यावर ऑफिसात अर्धा दिवस गेला.

दुसऱ्या भाषेत काम करत असाल तर

पायथॉनमध्ये याचं नाव 'डिक्ट'. चौकटी कंसानं मागितलं आणि किल्ली नसली तर 'की-एरर', 'गेट'नं मागितलं तर 'नन'. एकाच वस्तूची दोन दारं, दोन स्वभाव. पायथॉन ३.७ पासून भरल्याचा क्रमही राखला जातो. सी शार्पची 'डिक्शनरी' कंसानं मागितलं तर एक्सेप्शन फेकते. तिथे 'ट्राय-गेट-व्हॅल्यू' वापरायची सवय लावा. जावास्क्रिप्टचा 'मॅप' 'अनडिफाइन्ड' देतो. पायरी ३, ५ आणि ७ सगळीकडे तशाच लागू.

पायरी ८ : तीन चाचण्या

पहिली: मराठी आणि इंग्रजी फाइलच्या 'की-सेट' (सगळ्या किल्ल्यांचा संच) एकमेकांतून वजा करा. दोन्हीकडून उत्तर रिकामं यायला हवं. नव्या बटणाची ओळ एका फाइलमध्ये टाकून दुसरीत विसरणं रोजचंच आहे, आणि ते डोळ्यांनी सापडत नाही.

दुसरी: 'कऱ्हाड' तिन्ही प्रकारे लिहून कोशाला विचारा. तिन्ही वेळा 'मार्ग ३' आलं पाहिजे. चाचणीत हे तीन प्रकार युनिकोड क्रमांकांनीच लिहा. नाहीतर एडिटर किंवा एखादा उत्साही सहकारी फाइल 'नीट' करतो आणि तिन्ही एकच होऊन बसतात.

तिसरी: मुद्दाम नसलेली किल्ली द्या. चौकटी कंस दिसला पाहिजे आणि लॉगमध्ये एक ओळ पडली पाहिजे. वर दिलेल्या क्लासमध्ये ती लॉगची ओळ नाही, ती तुम्ही घाला. लॉगमध्ये किल्लीबरोबर तिची 'लेंग्थ'ही छापा. आमच्या लॉगमधली पहिली ओळ 'प्रकार ०२, लांबी २' अशी होती. ती वाचून मी केंद्रात फोन केला, तेव्हा काका तिथेच बसले होते.